सारजाबाई आन् राघूचं बिनआवाजी बोलणं

सारजाबाई माजी थोरली जाऊ. तिला ऐकू येत न्हाई, हे आदीच सांगून टाकते. ल्हानपणी ताप आला, ताप उतरला तवा दोन्ही कान गेलेले. बोलती मात्र झकास. आवाज जरा मोठा, त्येवढं सोडलं तर नवख्या माणसाला कळायचंबी न्हाई. कारण ती तोंड वाचती. समोरच्याचं ओठ हललं की तिला समदं कळतं, आन् जे तिला कळू नये ते तर आदी कळतं.

मी नवी नवरी व्हते तवाची गोष्ट. बाईला ऐकू येत न्हाई, मंग काय भ्यायचं, असं मनात धरून मी खुशाल आरशापुढं कुंकू लावत लावत नवऱ्याला सांगितलं, तुमच्या वयनीची भाकर म्हंजे चपलेचा तळ हाय. बाई माज्या पाठीमागं चुलीजवळ बसलेली. तिनं आरशातनं माजं तोंड वाचलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या ताटात पातळ भाकर आन् माज्या ताटात बोटभर जाडीची. वर म्हणती कशी, "चाव हळूहळू, पुष्पा. तळ नवा हाय."

तवापासून आमची गट्टी जमली ती जमलीच.

लग्नकार्यात तिला मांडवात बसवली की मी तिच्या शेजारची जागा सोडत नसे. त्या टोकाला नवरीची आय नवरीच्या मावशीच्या कानात काय सांगती, ते बाई मला हितं बसून सांगायची. घोडेगावच्या बाजारात व्यापारी एकमेकांत भाव ठरवायचे, ते तिला रस्त्यापलीकडनं दिसायचं. गावातल्या बायका तर तिला बघितलं की तोंडावर पदर घेऊन बोलायच्या. मी म्हणायची, बाई, तुमच्यामुळं गावाला वळण लागलं.

आता ही तोंड वाचायची विद्या तिला कुणी दिली, तर तिच्या भावानं. राघूनं. त्यो तिच्याहून थोडासाच ल्हान. तिचं माहेर जुन्नरच्या अंगाला, मेंढरं राखणारं घर. दिवाळी झाली की बाप कळप घेऊन बाहेर पडायचा, आन् ही दोगं पोरं कळपामागं. हिचे कान गेल्यावर राघू आदी हिच्या कानात वरडायचा. मंग त्याच्या ध्यानात आलं की आक्का कानानं न्हाई, माज्या तोंडाकडं बघून समजून घेती. म्हणला, मंग आवाज कशाला वाया घालवायचा? तवापासून त्यो तिच्याशी बिनआवाजी बोलायला लागला. नुसते ओठ हलवायचे, सावकाश, दात दिसतील असे. ह्या उतारावरनं त्यो बोलायचा, त्या उतारावरनं ती हसायची. बाप समोर उबा राहून शिव्या देत असला तरी त्याच्या पाठीमागनं राघू काहीतरी बोलायचा, ही हसायची, आन् मार दोगांना बसायचा.

शिनोलीच्या वर आमची वाडी. तिथं तिला दिली तवा पाठवणीच्या येळंला राघू समदी माणसं असताना तिच्यापुढं उबा राहिला आन् तसंच काहीतरी बोलला. सगळ्यांनी ओठ हलताना बघितलं, कुणाला काय कळलं न्हाई. मी तिला किती येळा इचारलं, काय म्हणला गं भाऊ. ती म्हणायची, तुला काय करायचंय, तू तुजी भाकर बघ.

पुढं मेंढरं इकली आन् राघू भोसरीला गेला. कंपनीच्या गेटवर वॉचमन झाला. भाऊबीजेला न चुकता यायचा. पण वर्साचं एकदाच. मधल्या वर्सात काय करायचं? फोनवर तर ही ऐकणार न्हाई. मंग व्हिडिओचा फोन आला आन् ह्या दोगांचं नशीब उघडलं. राघूचा ल्योक सुभाष, त्यानं तिला जुना फोन आणून दिला. दर रविवारी सकाळी मिटिंग. सुभाष तिकडनं लिंक टाकायचा, मी हिकडं दाबायची. मी म्हणायची, बाई, साहेब लोकांवानी मिटिंगा चालल्यात तुमच्या, पगार कवा चालू व्हणार?

तुमी कुणी बघितली नसंल अशी मिटिंग. फोनचा आवाज पार बंद. राघू तिकडं नुसतं तोंड हलवतोय, ही हिकडं मोठ्यांदा उत्तर देतीया. आमच्या वाडीतली सखूबाई एकदा ताक मागायला आली, दारातनं बघितलं आन् तशीच माघारी फिरली. वाडीत सांगत सुटली की सारजाबाईच्या डोक्यावर परिणाम झालाय, मुक्या फोनशी भांडत बसलीया.

बाईचं गाऱ्हाणं मात्र येगळंच असायचं. आपलं कसं, फोनवर आवाज आला की भागतं. चित्र अडकलं तर अडकू दे. हिला आवाजाचं सोयरसुतक न्हाई. चित्र जरा तुटलं की राघूचं वाक्य तुटायचं. तोंड उघडं राहून चित्र थांबलं की ही वरडायची, "आरं मिट की त्ये, माशी जाईल." मंग आमी दोगींनी हळूहळू एकेक गोष्ट धरली. राघू खिडकीकडं पाठ करून बसायचा, तर त्याचं तोंड काळं दिसायचं. त्याला खिडकीकडं तोंड करायला लावलं. मंग चित्र धुरकट याया लागलं. मी म्हणलं फोन बिघडला. बाई म्हणली, न्हाई, डोक्याला तेल लावून त्याच बोटानं फोन धरतोय त्यो. कॅमेऱ्याची काच पुसायला लावली, लख्ख झालं. आमच्याकडं रेंज गोठ्याच्या कोपऱ्यातच यायची, म्हणून बाईची खाट तिथं हलवली. म्हशीच्या शेजारी बसून मिटिंग. तरी कधी कधी चित्राचं तुकडं पडायचं. शेवटी कळलं की तिकडं नातवंडं त्याच नेटवर पिच्चर बघत असत्यात. राघूनं पोरांना बंद करायला लावलं की त्याचं तोंड सरळ यायचं. एवढं आमाला बिनशिक्षणाचं कळलं व्हतं, की बाकीच्यांनी आपापलं बंद केलं तर एकाचं नीट दिसतं.

ह्या भातकापणीच्या दिवसांत बाई खाचराच्या बांधावरनं घसरली आन् खुबा मोडला. ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी खाटंवरनं हलायचं न्हाई म्हणून बजावलं. ती खाटंवर, आन् तिकडं राघू आजारी पडला. आदी खोकला, मंग दम, मंग पुण्याच्या दवाखान्यात, आन् तिथनं आत काचेच्या खोलीत. तोंडावर मास्क बांधलेला.

तुमीच बघा आता. तोंडावर मास्क म्हंजे बाईला भाऊच न्हाई. सुभाषनं एकदोनदा फोन लावून दाखवला. नुसते डोळे दिसायचे. बाई म्हणायची, डोळे काय करायचेत मला.

मंग एका दुपारी सुभाषचा फोन आला. म्हणला, काकी, डॉक्टर उद्या घशात नळी घालणार हाईत. नळी घातली की बोलणं बंद, आन् पुढचं काय सांगता येत न्हाई. उद्या सकाळी थोडा येळ मास्क काढू देणार हाईत, तेवढ्यात आत्याला बघायचं म्हणत्यात आबा. खुणेनंच सांगितलं त्यांनी, आक्का, आन् तोंडावर हात फिरवला.

मी बाईला सांगितलं. ती रडली न्हाई. म्हणली, पुष्पा, उद्या माजी येणी घाल.

सकाळी मी तिची येणी घातली, उशा लावून तिला बसती केली, फोनची काच पदरानं तीनतीनदा पुसली. बाई माजी चेष्टा करत व्हती, म्हणली, बास कर, काच झिजंल.

लिंक खरं तर आमच्यापुरतीच व्हती. पण राघूची लेक मंगल वारूळवाडीला दिलेली. ती म्हणली, मलाबी बापाला बघू दे. तिचं खरंच व्हतं, तिला कोण न्हाई म्हणणार? तिनं सासऱ्यांना सांगितलं. त्यांनी मंचरच्या ज्ञानेश्वर पाव्हण्यांना सांगितलं, म्हंजे सुभाषच्या सासऱ्यांना. त्यांनी लिंक घरच्या ग्रुपवर टाकली. मंग काय, सगळी पाव्हणेमंडळी आली.

आमच्यात दुखण्याला भेटायला जात्यात. जायचं, बसायचं, पाणी प्यायचं, उठायचं. बोललं न्हाई तरी चालतं, तोंड दिसलं पायजे. कोण आलं आन् कोण आलं न्हाई, ते घरचे वर्सानुवर्सं इसरत न्हाईत. दवाखान्यात एकालाच आत सोडत व्हते, कुणाला भेटता आलेलं न्हाई. मंग लिंक मिळाली तर लोकं येणारच. समद्यांनी डोक्यावर पदर, टोप्या नीट करून कॅमेरं चालू केलेले. फोनवर नुसती तोंडं. ज्ञानेश्वर पाव्हणे तर मंचरला कांद्याच्या आडतीत, मागं लिलावाचा गलका, पण स्वच्छ टोपी घालून नाकासमोर बघत बसलेले.

मधी एका बारक्या चौकोनात राघू. सुभाष फोन धरून त्याच्यासमोर उबा, म्हंजे त्यो आमाला दिसत नव्हता. नर्सनं मास्क काढला. राघूचं तोंड दिसलं आन् बाई एवढंच म्हणली, "दाढी वाढलीया."

त्यानं तोंड उघडलं आन् चित्राचं तुकडं झालं. हनुवटी एकीकडं, ओठ एकीकडं. आवाजबी पत्र्यावर खडे टाकल्यावानी.

मी म्हणलं, बाकीच्यांनी आपापलं कॅमेरं बंद करा, राघूदादाचं नीट दिसंल. एकदोगांनी केलं बंद. त्यांच्या तोंडाच्या जागी काळं झालं, तर लगेच कुणीतरी इचारलं, सावळेराम आला न्हाई का? सावळेरामनं घाईघाईनं परत चालू केलं, म्हणला, मी हाय, मी आलोय. मंग बाकीचेबी कोण बंद करतंय? आजारी माणसाला भेटायला येऊन तोंड झाकायचं, हे कुणाच्या हातनं व्हईना. त्यांचं मन वाईट नव्हतं. हेच तर वाईट झालं.

ज्ञानेश्वर पाव्हणे बाजार समितीच्या मिटिंगा करतात, त्यांना म्हायती जास्त. ते म्हणले, "सुभाषराव, तुमचा व्हिडिओ बंद करा. व्हिडिओ बंद केला की आवाज क्लिअर येतो."

सगळे म्हणले, व्हय व्हय, तसं करा.

सुभाषनं फोनच्या मागनं हात घालून बोट लावलं. राघूच्या जागी काळा चौकोन आला. मधी एक गोल, त्यात सुभाषच्या नावाचं पहिलं अक्षर.

आन् आवाज खरंच आला. काय सांगू तुमाला, असा लख्ख आला की त्याचा श्वाससुदा ऐकू यायला लागला. सगळ्यांची तोंडं उजळली. बाई माज्याकडं बघून म्हणली, "राघू कुठं गेला?"

तेवढ्यात राघूचा आवाज, बारीक पण सरळ. "आक्के, तोंड दिसतंय का माजं?"

मी न्हाई म्हणायच्या आत सगळी मंडळी एकदम म्हणली, येतंय, येतंय. एकदम क्लिअर. बोला आबा, बोला मामा.

आन् राघू गप झाला.

काहीच येईना. नुसता श्वास, मधी ओठाचा चपचप आवाज, परत श्वास. मला कळलं, त्यो गप न्हाई, बोलतोय. त्यो आक्काशी बोलतोय, म्हंजे बिनआवाजीच बोलणार. दम लागलेला माणूस, जेवढा हाय तेवढा जीव ओठात आणून सावकाश, दात दिसतील असं बोलतोय, आन् त्याला वाटतंय आक्का बघतीया.

तिकडं मिटिंगमधी एकच गोंधळ. म्युट झालंय. आबा, म्युट काढा. सुभाष, माइक बघ. कुणी म्हणलं बाहेर पडून परत या. कुणी म्हणलं इअरफोन काढा. मी वरडत व्हते, सुभाष, व्हिडिओ लाव, आवाज नको, व्हिडिओ लाव. पण एवढ्या तोंडांत माजं एक तोंड कोण ऐकतंय? आयुष्यभर बडबड केली, आन् त्या येळंला माजा आवाज काय कुणाला पोचला न्हाई.

बाई त्या काळ्या चौकोनाकडं बघत व्हती. नजर हलवत नव्हती. न जाणो, मधीच उजेड पडायचा.

शेवटी मंगल म्हणली, गप बसा की समदी, काकी काय म्हणत्यात ते ऐका. सगळे गप झाले. मी सांगितलं. मंग सुभाषनं व्हिडिओ लावला.

नर्स मास्क बांधत व्हती. राघूचे डोळे तेवढे दिसले, आन् ते हसत व्हते. त्याचं बोलून झालं व्हतं.

बाईनं हात वर केला. त्यानंबी केला. मंग सुभाष म्हणला, आता बाहेर जायला सांगतात, आन् फोन बंद झाला. मंडळी एकेक करून निघून गेली, आपापल्या चौकोनातनं हात जोडून.

राघू त्या नळीतनं परत आला न्हाई.

बाईला त्याच्या मातीला जाता आलं न्हाई, दहाव्यालाबी न्हाई. ती खाटंवर भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. भिंतीकडं तोंड केलं की तिच्याशी कुणाला बोलताच येत न्हाई, हे तुमी ध्यानात घ्या. मी तिच्या पाठीशी बसून बोलत राहायची. मला ठावं व्हतं, तिला कळत न्हाई. पण मी गप बसले तर मलाच करमत न्हाई. दळण आणलं, म्हैस आटली, सखूबाईची सून रुसून माहेरी गेली, असलं कायबाय. एक दिवस तिच्या पाठीला हात लावला तर वळून म्हणली, "पुष्पा, त्यानं पाठवणीला दारातसुदा एवढंच सांगितलं व्हतं, म्हातारा बाप रडतोय बघ. हसू आलं मला. म्हणून मी हसत आले." एवढं म्हणून परत भिंतीकडं वळली. किती वर्सं मी त्येच इचारत व्हते, आन् आता मिळालं तर मला हसता येईना.

दहावा झाला आन् सुभाष आत्याला भेटायला आला. दारात उबा राहिला तर मी वळखलंच न्हाई. डोकं भादरलेलं, मिशा काढलेल्या. बाप गेला की पोरं केस देतात, तशा मिशाबी जातात. सुभाषला कॉलेजात असल्यापासनं झुपकेदार मिशा, वरचा ओठ कवा कुणाला दिसलेला न्हाई. तवापासनं बाईला त्याचं बोलणं कधीच वाचता यायचं न्हाई; त्यो बोलायचा, मी मधी बसून तिला सांगायची.

बाईनं त्याच्याकडं बघितलं आन् कोपर टेकून उठायला लागली. मी धरली तिला. ती त्याच्या तोंडाकडं बघत व्हती. उघडा पडलेला वरचा ओठ, मधी खळगी, डाव्या अंगाला जरा वाकडा. राघूचाच ओठ.

सुभाष तिच्या पायापाशी बसला आन् रडायला लागला. म्हणला, आत्या, मला ठावं नव्हतं ते तुज्याशी बोलत्यात म्हणून. मला वाटलं दम लागला. मी समोरच व्हतो, त्यांचं तोंड माज्यापुढंच हलत व्हतं.

मला काय सांगायला लागलं न्हाई. त्याचं समदं तिनं सरळ वाचलं, इतक्या वर्सांत पयल्यांदाच. म्हणली, "मंग दाखव."

"काय दाखवू?"

"कसं हललं त्ये."

सुभाषनं डोळे पुसले. बिचारा कंपनीत सुपरवायझर, अंगानं आडदांड, पोरावानी माज्याकडं बघायला लागला. मी मान हलवली. मंग त्यानं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. बिनआवाजी. काय बोलतोय ते त्याला ठाऊक न्हाई, नुसतं आठवंल तसं हलवतोय. बाईनं त्याची हनुवटी धरून उजेडाकडं वळवली.

आदी आलं ते आक्के. ते तिला लगेच कळलं, ते मलाबी कळलं. मंग ती त्याला इचारायला लागली. जीभ दिसली का? दात मिटलेले का उघडे? सावकाश कर. न्हाई, तसं न्हाई, परत कर. असं करत करत दुसरं आलं, जेवलीस का. बाई म्हणली, व्हय, त्येच. त्येच इचारायचा त्यो आदी.

"मंग पुढं?"

सुभाष थांबला. तोंड उघडलं आन् तसंच ठेवलं.

"पुढं लई येळ बोलत व्हते," म्हणला. "लई येळ. पण तवा सगळे म्युट म्युट करत व्हते, आत्या. मी त्यांच्याकडं बघितलंच न्हाई. मी फोनचा माइक बघत व्हतो."

बाई त्याची हनुवटी धरूनच बसली. मला वाटलं, आता मारती का काय त्याला. पण तिनं हात काढला, त्याच्या भादरल्या डोक्यावर ठेवला. म्हणली, "तेवढंच परत कर."

त्यानं केलं. आक्के, जेवलीस का. परत कर म्हणली, परत केलं. मी चहा ठेवला, त्यावर साय आली, तरी चाललंच व्हतं. बाई प्रत्येक येळंला उत्तर देत व्हती, मोठ्यांदा, न्हेमीवानी. जेवले. भात आन् कालवण. पुष्पानं केलं, खारट व्हतं. मी म्हणलं, बाई, मेल्या माणसापुढं तरी माजी लाज राखा. तिनं ते वाचलं, आन् त्या दिवसांत पयल्यांदा माज्याकडं बघून हसल्यावानी केलं. मंग पदर तोंडाला लावला.

आता दर रविवारी सुभाषच लिंक टाकतो. दोनच फोन, आवाज पार बंद, लिंक तिसऱ्या कुणाला देत न्हाई. खिडकीकडं तोंड करून बसतो, काच पुसतो, पोरांचं नेट बंद करतो. मिशा काय त्यानं परत ठेवल्या न्हाईत. बायको नावं ठेवती, पण न्हाई. त्यो तिकडनं तोंड हलवतो, बाई हिकडनं बघत राहती. बोलणं लई चालत न्हाई त्यांचं.

मागल्या रविवारी फोन ठेवल्यावर मी इचारलं, काय म्हणतोय भाचा?

ती म्हणली, "काय न्हाई. अजून आवाज काढूनच बोलतोय त्यो. गळा हलतो त्याचा, दिसतं मला."